युद्धांतील अणुबाँब आणि निरपराध मनुष्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें गतकालाचें गुणगान करावें, ज्यांनीं हें देऊळ उभारिलें त्यांचें स्मरण करावें आणि श्रोत्यांस प्रसन्न मनानें घरीं जाऊं द्यावें, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. ती वाईट आहे असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु माझ्या वांट्यास आलेला विषय तसा नाहीं. युद्धांत अणुबाँबचा उपयोग करणें न्याय्य ठरूं शकतें काय, ह्या प्रश्नाविषयीं मीं बोलावें अशी चालकांची आज्ञा आहे; आणि उत्सवाच्या मांडवांत हा विषय कोणास विसंगत वाटत असेल, तर त्याचें समाधान मीं प्रथम केलें पाहिजे.

तें समाधान आपल्या वसईच्याच इतिहासांत आहे. ह्या भूमींत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें निशिझाका टेकडीवर क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्यासमवेत आणखी २५ जण होते, आणि १८६२ सालीं त्या सर्वांस संतपद मिळालें. हें येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु ज्या मातींत आपल्या संताचें रक्त सांडलें, त्या मातीचें पुढें काय झालें ह्याची चौकशी आपणांपैकीं थोड्यांनींच केली असेल. ती आज करूं. म्हणजे अणुबाँबचा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाहीं, हें आपोआप दिसून येईल.

उराकामी हें नागासाकीच्या उत्तर भागांतील एक खोरें. हुतात्म्यांच्या मागें जपानांत ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली, धर्मगुरु उरले नाहींत; तरी ह्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं सुमारें अडीचशें वर्षें बाप्तिस्मा आणि प्रार्थना लपूनछपून चालू ठेविल्या. १८६५ सालीं परदेशीयांसाठीं ओउरा येथें बांधलेल्या देवळांत ते भीतभीत आले आणि पतिजाँ नामक फ्रेंच धर्मगुरूंस त्यांनीं आपली ओळख दिली. त्याचें फळ काय मिळालें, तर थोड्याच वर्षांत सरकारनें त्यांतील सुमारें ३,४०० जणांस निरनिराळ्या प्रांतीं हद्दपार केलें, आणि सहाशेंहून अधिक तिकडेच मेले. १८७३ सालीं उरलेले परतले. ज्या गांवमुखत्याराच्या वाड्यांत त्यांच्या पूर्वजांस पवित्र प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत असत, तीच जागा त्यांनीं विकत घेतली आणि १८९५ सालीं तिच्यावर देऊळ बांधावयास आरंभ केला. १९१४ सालीं त्याचा अभिषेक झाला; घंटांचे मनोरे पुरे व्हावयास १९२५ साल उजाडलें. गरीब लोकांचें देऊळ कसें उभें राहतें हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या तीस वर्षांचा अर्थ मीं निराळा सांगावयास नको.

आतां ९ ऑगस्ट १९४५ चा दिवस पाहूं. तीन दिवसांपूर्वीं हिरोशिमावर युरेनियमचा पहिला बाँब पडला होता. दुसरा बाँब प्लुटोनियमचा. तो घेऊन निघालेल्या विमानाचें ठरलेलें लक्ष्य नागासाकी नव्हतें, कोकुरा हें होतें. कोकुऱ्यावर धूर आणि ढग ह्यांमुळें खालचें कांहीं दिसेना. तीन फेऱ्या घालूनही नेम सांपडेना. इंधन संपत चाललेलें. म्हणून विमान नागासाकीकडे वळलें. तेथेंही ढग होतेच. अकरा वाजून दोन मिनिटांनीं बाँब फुटला, तो योजिलेल्या मध्यवस्तीवर नव्हे, तर तेथून सुमारें तीन किलोमीटर दूर, उराकामीच्या खोऱ्यावर. देवळापासून तें स्थळ अवघें अर्धा किलोमीटर. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण सहा दिवसांवर आला होता. देवळांत दोन धर्मगुरु होते, आणि लोक पापनिवेदनासाठीं आले होते. त्यांपैकीं कोणीही वांचला नाहीं. खोऱ्यांतील सुमारें १२,००० कॅथोलिकांपैकीं ८,५०० मेले असें सांगतात. अडीचशें वर्षांच्या छळानें जें साधलें नाहीं तें एका क्षणांत झालें, आणि करणाऱ्यांच्या मनांत ह्या लोकांविषयीं कांहीं वैरही नव्हतें!

हे आपल्या धर्माचे होते म्हणून त्यांचें मरण अधिक मोलाचें, असें मी सुचवीत नाहीं. १९४५ साल संपेपर्यंत हिरोशिमांत सुमारें १,४०,००० आणि नागासाकींत सुमारें ७४,००० माणसें मेलीं; त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नव्हतीं. वेठीनें आणलेले कोरियन मजूर त्यांत होते. दोस्त राष्ट्रांचेच कांहीं युद्धकैदी होते. आग पसरूं नये म्हणून हिरोशिमांत घरें पाडून मोकळे पट्टे काढण्याच्या कामास लाविलेलीं शाळेंतील हजारों मुलेंमुली होतीं. नागासाकींत शस्त्रांचे कारखाने होते हें कोणी नाकारीत नाहीं. पण नेम तीन किलोमीटर चुकूनही काम फत्ते झालें असें ज्या शस्त्राविषयीं म्हणतां येतें, त्याचा नेम कारखान्यावर होता असें म्हणणें कठीण आहे.

आतां दुसरी बाजू. आणि ती मी आखडत्या हातानें मांडणार नाहीं, कारण प्रतिपक्षाचें बोलणें अर्धवट सांगून त्याचें खंडन करणें हें वकिली कसब झालें, सत्यशोधन नव्हे. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन ह्यांनीं १९४७ सालीं एक लेख लिहून ह्या कृत्याचें समर्थन केलें. त्याचा गाभा असा कीं, बाँब टाकला नसता तर जपानच्या भूमीवर सैन्य उतरवावें लागलें असतें, त्यांत एकट्या अमेरिकेची दहा लाखांवर हानि होण्याचा अंदाज होता, आणि जपानी लोक तर त्याहून पुष्कळ अधिक मेले असते. ही भीति निराधार नव्हती. त्याच वर्षीं ओकिनावा बेटाच्या लढाईंत अमेरिकेचे बारा हजारांहून अधिक सैनिक मेले, आणि जपानी बाजूचे सैनिक व बेटावरील रहिवासी मिळून लाखावर माणसें गेलीं. क्यूशू बेटावर उतरण्याची तारीख १ नोव्हेंबर १९४५ अशी ठरलीही होती. शिवाय चीन व आग्नेय आशिया येथें जपानी अंमलाखालीं लोक रोज मरत होते, आणि सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हातीं सांपडलेले हिंदी सैनिक बंदिवासांत खितपत होते. ज्या आईचा मुलगा त्या छावणींत होता तिनें युद्ध संपल्याची वार्ता ऐकून देवाचे आभार मानले असतील, तर तिला दोष देणारा मी कोण?

ह्यावर कित्येक इतिहासकार उत्तर देतात कीं, बाँबची गरजच नव्हती. ८ ऑगस्ट रोजीं रशियानें जपानविरुद्ध युद्ध पुकारलें, तोच धक्का निर्णायक होता. सम्राटाचें पद राखूं असें वचन आधीं दिलें असतें तर शरणागति लवकर आली असती. खुद्द अमेरिकन सरकारच्या पाहणीनें १९४६ सालीं असें मत दिलें कीं, अणुबाँब न टाकतांही जपान त्या वर्षाच्या अखेरीस शरण आलें असतें. जून १९४५ मध्यें जेम्स फ्रँक आदि शास्त्रज्ञांनीं सुचविलें होतें कीं, बाँबची शक्ति प्रथम निर्जन जागीं जगास दाखवावी. जुलैंत लिओ झिलार्ड ह्यांच्या अर्जावर ७० शास्त्रज्ञांनीं सह्या केल्या. उलट ओपेनहायमर, फर्मी आदि चौघांच्या मंडळानें असें प्रात्यक्षिक युद्ध थांबवूं शकेल असें आपणांस वाटत नाहीं, असा अभिप्राय दिला. हा वाद अजून मिटलेला नाहीं आणि कागदपत्रांच्या ढिगाऱ्यांत तो आणखी पुष्कळ वर्षें चालेल.

माझें म्हणणें असें आहे कीं, आपण ह्या वादांत फार रमूं नये. बाँब अनावश्यक होता म्हणून वाईट, असें म्हणणारा मनुष्य न कळत कबूल करून बसतो कीं, तो आवश्यक असता तर चांगला ठरला असता. मग न्यायनिवाडा हिशेबनिसाच्या हातीं जातो. एका रकान्यांत मेलेले आणि दुसऱ्यांत वांचलेले मांडावयाचे, नि बेरीज पाहून पापपुण्य ठरवावयाचें! त्यांतही गंमत अशी कीं, मेलेल्यांचा रकाना मोजून भरलेला असतो आणि वांचलेल्यांचा अंदाजानें. आणि अंदाज करणारा तोच असतो ज्याला बाँब टाकावयाचा आहे.

नीतिशास्त्राचा प्रश्न निराळा आहे. समजा, एका किल्ल्यास वेढा पडला आहे. किल्ल्यांतील दारूच्या कोठारावर तोफ डागली असतां जवळून जाणारा एक गवळी मेला. ही दुःखाची गोष्ट खरी. गोलंदाजानें सावधगिरी घेतली होती कीं नाहीं, ह्याचा जाब त्याला द्यावाच लागेल. पण गवळ्याला मारणें हा त्याचा हेतु नव्हता, आणि गवळी न मरतां कोठार उडालें असतें तरी त्याचें काम पुरें झालें असतें. आतां दुसरा सेनापति असा विचार करतो कीं, किल्ला अवघड आहे, तर खालची गवळवाडी बायकामुलांसकट जाळूं. तो आक्रोश ऐकून किल्लेदार दार उघडील. येथें निरपराध्यांचें मरण हेंच साधन झालें आहे. तीं माणसें पळून जाऊन वांचलीं तर सेनापतीचा बेत फसतो! पहिल्याला आपण युद्ध म्हणतों, दुसऱ्याला खून म्हणतों. दुसऱ्या कृत्यानें वेढा लवकर उठला आणि हजार शिपाई वांचले, तरी त्याचें नांव बदलत नाहीं. हिरोशिमा आणि नागासाकी येथें अपेक्षित परिणाम कारखाने बंद पडण्याचा नव्हता. एक अख्खें शहर क्षणांत नाहींसें झालेलें पाहून राज्यकर्त्यांचें मन मोडावें, हा होता. गवळवाडी जाळणारा जवळ उभा असतो आणि विमान नऊ हजार मीटरच्या सुमारास उंचीवर असतें, एवढाच काय तो भेद.

हाच विचार इंग्लंडांतील एलिझाबेथ ॲन्सकोम ह्या कॅथोलिक विदुषीनें १९५६ सालीं मांडला. ऑक्सफर्ड विद्यापीठानें माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांस सन्मानाची पदवी देऊं केली, तेव्हां तिनें उभें राहून विरोध केला. तिच्या बाजूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच मतें पडलीं आणि पदवी थाटानें दिली गेली. अमेरिकेंतील येशूसंघीय धर्मगुरु जॉन फोर्ड ह्यांनीं तर सप्टेंबर १९४४ मध्यें, म्हणजे अणुबाँब जन्मास येण्यापूर्वींच, शहरेंच्या शहरें बेचिराख करणाऱ्या बाँबवर्षावाचा विस्तृत लेख लिहून निषेध केला होता. आणि तेव्हां त्यांचीं स्वतःचींच राष्ट्रबांधव विमानें तो वर्षाव करीत होतीं.

कोणी म्हणतात, आधुनिक युद्धांत निरपराध असा कोणी उरतच नाहीं. सारें राष्ट्र लढतें. हें वाक्य ऐकावयास भारदस्त आहे. पण पाळण्यांतील मूल कोणत्या पलटणींत होतें? रुग्णालयांतील म्हातारा कोणती बंदूक चालवीत होता? जो बंदुका घडवितो त्याच्याविषयीं वाद होऊं शकतो; जो केवळ तेथें राहतो त्याच्याविषयीं नाहीं. दुसरे म्हणतात, अणुबाँबचेंच एवढें काय घेऊन बसलांत, १० मार्च १९४५ च्या रात्रीं साध्या आगबाँबांनीं टोकियोंत सुमारें एक लाख माणसें जाळलीं, त्याचें काय? प्रश्न बिनतोड आहे, पण तो समर्थनाचा पुरावा कसा झाला? चोरी दोनदां झाली म्हणून ती व्यवहार ठरत नाहीं. १ सप्टेंबर १९३९ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनींच सर्व लढणाऱ्या राष्ट्रांस कळकळीनें विनविलें होतें कीं, तटबंदी नसलेल्या शहरांवर आणि नागरिकांवर विमानांतून बाँब टाकूं नयेत. सहा वर्षें पुरीं होण्याच्या आंत त्यांचेंच राष्ट्र टोकियोपर्यंत आणि तेथून हिरोशिमापर्यंत येऊन पोंचलें. इतक्या थोड्या काळांत सद्भावी माणसें इतकें अंतर कसें चालून जातात, हें मला बाँबच्या शक्तीहूनही अधिक भयंकर वाटतें.

आणि हीं माणसें सद्भावी नव्हतीं असें म्हणवत नाहीं. स्टिमसन ह्यांनीं लक्ष्यांच्या यादींतून क्योटो हें मंदिरांचें प्राचीन नगर आग्रहानें वगळविलें. त्यानंतर जुलैच्या अखेरीस नागासाकीचें नांव यादींत आलें. ट्रूमन ह्यांनीं जुलैंत आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें कीं, लक्ष्य सैनिकी असावें, बायकामुलें नसावींत. आणि ९ ऑगस्टच्या आकाशवाणीवरील भाषणांत त्यांनीं हिरोशिमास लष्करी तळ म्हटलें. तेथें लष्कर होतें, हें खरें; पण बाँबचा नेम शहराच्या मध्यावरील पुलावर धरलेला होता. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं हुकूम दिला कीं, आपल्या स्पष्ट आज्ञेवांचून आणखी अणुबाँब टाकूं नये. आणखी एक लाख माणसें, विशेषतः मुलें, मारण्याची कल्पना त्यांस सहन होईना, अशी नोंद त्यांच्या मंत्रिमंडळांतील हेन्री वॉलेस ह्यांनीं करून ठेविली आहे. आम्हीं बायकामुलांवरच नेम धरला आणि तें योग्य केलें, असें उघड म्हणण्याचें धैर्य त्यांस झालें नाहीं, ह्यांतच तो नियम त्यांच्याही अंतःकरणांत जिवंत होता हें दिसतें.

येथें एका कठीण गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. उराकामीचे डॉक्टर ताकाशी नागाई हे क्ष-किरणतज्ज्ञ. बाँबपूर्वींच त्यांस रक्ताचा कर्करोग जडलेला. बाँबानें त्यांची पत्नी जळून गेली. राखेंत तिच्या अस्थि आणि जपमाळ सांपडली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं पडक्या देवळापुढें मृतांसाठीं मिस्सा झाली, तेव्हां नागाईंनीं भाषण करून सांगितलें कीं, युद्धाच्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून देवानें उराकामीचें हें निष्कलंक कोंकरूं होमबलि म्हणून स्वीकारलें. सर्वस्व गमावलेल्या त्या लोकांस ह्या शब्दांनीं उभें केलें. परंतु पुढें जपानांतच ह्या विचारावर तीव्र टीका झाली. कारण बाँब देवाच्या योजनेनें पडला असें म्हटलें कीं टाकणारे आणि युद्ध पुकारणारे दोघेही सुटतात. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं २५ फेब्रुवारी १९८१ रोजीं हिरोशिमांत, युद्ध हें मनुष्याचें कृत्य आहे, असें निक्षून सांगितलें, तेव्हां बाँबांतून वांचलेल्या कित्येक कॅथोलिकांस प्रथमच मोकळेपणीं बोलण्याचा धीर आला. मला वाटतें, नागाईंचे शब्द विधुराच्या तोंडीं प्रार्थना आहेत. तेच शब्द विमान पाठविणाऱ्याच्या तोंडीं घातले तर देवनिंदा होईल. स्वतःच्या जखमेला अर्थ देण्याचा अधिकार जखमीला आहे, वार करणाऱ्याला नाहीं.

तें देऊळ १९५९ सालीं पुन्हा उभें राहिलें. दोन घंटांपैकीं एक ढिगाऱ्यांतून शाबूत निघाली होती, दुसरी फुटली होती. अमेरिकेंतील कॅथोलिकांनीं वर्गणी करून नवी घंटा पाठविली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजीं अकरा वाजून दोन मिनिटांनीं, ऐंशीं वर्षांनंतर, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

आतां आपल्याकडे वळूं. हा प्रश्न जपान आणि अमेरिका ह्यांचा राहिलेला नाहीं. २०२५ च्या आरंभीं नऊ राष्ट्रांजवळ मिळून सुमारें १२,००० अण्वस्त्रें होतीं आणि आपलें राष्ट्र त्या नवांत आहे. १९७४ आणि १९९८ सालीं पोखरणच्या वाळवंटांत स्फोट झाले, तेव्हां आपल्या गांवांतही पेढे वांटले गेले हें आपण विसरलों नसूं. पहिला वार आम्ही करणार नाहीं असें भारतानें जाहीर केलें आहे. हें वचन नसण्यापेक्षां असणें पुष्कळ चांगलें, आणि त्याबद्दल आपल्या राज्यकर्त्यांस श्रेय दिलें पाहिजे. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ सालीं झाला व २०२१ पासून अंमलांत आला. त्यावर भारतानें सही केलेली नाहीं, नवांपैकीं कोणींच केलेली नाहीं.

एका तरुण मित्रानें मला विचारलें, "काका, शत्रूच्या हातीं बाँब असतां आपण हात रिकामे ठेवावयाचे काय?" हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं, आणि ख्रिस्तसभेनेंही तो नेलेला नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं अख्ख्या शहरांच्या सरसकट विध्वंसास देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध ठरविलें. १९८२ सालीं जॉन पॉल दुसरे ह्यांनीं एवढी सवलत ठेविली कीं, निःशस्त्रीकरणाच्या मार्गावरील पायरी म्हणून धाक बाळगणें तात्पुरतें सह्य मानतां येईल. पायरीवर पाऊल पडेना, लोक तिच्यावर बैठक घालूनच बसले; तेव्हां पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१७ सालीं आणि पुन्हा २०१९ सालीं हिरोशिमांत अशीं शस्त्रें बाळगणेंही अनीतीचें म्हटलें. उद्यां सकाळीं सरकारनें काय करावें, ह्याचा तपशील सांगण्याइतका मी राजकारणी नाहीं. सर्वांनीं मिळून आणि एकमेकांची तपासणी करूनच हीं शस्त्रें कमी होऊं शकतील, हें उघड आहे.

पण माझ्या मित्रानें जो खरा प्रश्न विचारावयास हवा होता तो असा कीं, आपलें एक शहर जळालें असतां त्यांचें एक शहर जाळण्याची कळ दाबावी काय? दुसरा वार हाही वारच असतो, आणि तो ज्यांच्यावर पडणार त्या मुलांनीं पहिला वार केलेला नसतो. ती कळ दाबणारा हात उद्यां आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या मुलाचाही असूं शकेल. सैन्यांत, नौदलांत आणि तुर्भ्याच्या अणुकेंद्रांत आपलीं मुलें नोकरी करितातच. तिनियन बेटावर त्या वैमानिकांजवळ एक कॅथोलिक धर्मगुरु राहत होते, फादर जॉर्ज झाबेल्का. शहरांवरील बाँबवर्षाव पाप आहे, असें आपण त्यांस एकदांही सांगितलें नाहीं, ही खंत त्यांनीं उतारवयांत जाहीरपणें बोलून दाखविली, आणि हिरोशिमा व नागासाकी येथें जाऊन क्षमा मागितली. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत पांचवी आज्ञा शिकवितांना ह्या गोष्टीचा उल्लेख होतो काय, हें मला ठाऊक नाहीं; येथें बसलेल्या शिक्षकांस तें ठाऊक असेल.